पाणी कुठून वाहतं, ते आधी विचार

प्रिय सुनंदा,

कर्जतच्या नव्या कॉलेजच्या आराखड्यात ‘आदिवासी शहाणपण बसवायचंय’, असं तुमच्या समितीनं लिहिलंय म्हणे. बसवायचंय! जिन्याखाली पाण्याची मोटर बसवतात तसं? असो. इथल्या यूबीसीचं, म्हणजे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं सांगते.

हे आवार मस्कीम या आदिवासी लोकांच्या भूमीवर उभं आहे. ती त्यांनी कुठल्याही तहानं दिलेली नाही, हे आता विद्यापीठच सांगतं. युनिव्हर्सिटी बुलेवारवर 2016 पासून ब्रेंट स्पॅरो या मस्कीम कलावंताचा कोरीव खांब आहे. त्यात त्यांच्या कथेतला दोन तोंडांचा साप आहे. तो ज्या वाटेनं गेला तिथलं सगळं मेलं, आणि त्याच्या विष्ठेतून नवी वनस्पती उगवली.

मेन मॉलवर जेम्स हार्ट या हायडा शिल्पकाराचा 55 फुटी खांब आहे, 2017 मध्ये उभारलेला, सुमारे 800 वर्षांच्या सीडरचा. मधोमध निवासी शाळेची इमारत कोरलीय; आदिवासी मुलांना घरापासून तोडून अशा शाळांत ठेवत. शिवाय तांब्याचे हजारो खिळे, त्या शाळांत मेलेल्या मुलांसाठी एकेक. ठोकणाऱ्यांत त्या शाळांतून वाचलेली माणसं होती, शाळकरी पोरंही होती. तिथं फार वेळ उभं राहवत नाही, गं.

18 मजली लाकडी वसतिगृहही आहे. माहितीपत्रकात तेच मिरवतं. जिन्या-लिफ्टचे दोन काँक्रीटचे गाभे फोटोत दिसत नाहीत. पण मला त्यापेक्षा पाण्याची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. आवार समुद्राकाठच्या कड्यावर आहे. आपण जिथं तिथं ‘पाणी मुरवा’ म्हणतो, पण इथं कड्याजवळ पाणी मुरलं तर कडाच ढासळतो. त्यामुळे तिथं पाऊस जपूनच मुरवावा लागतो.

आणि हे ऐक. प्रांत सरकारशी झालेल्या 2008 च्या समझोत्यात शेजारची काही जमीन मस्कीमांना परत मिळाली. तिथं ते स्वतः ‘लेलम’ नावाची वसाहत बांधताहेत, फ्लॅट आणि दुकानांसकट! आदिवासींनी फक्त झाडं राखावीत, असं मानणाऱ्यांची पंचाईत. माझ्या मते सगळ्यांत खरं काम हेच झालंय. खांब उभारण्यापेक्षा जमीन सोडणं अवघड.

तुमच्या जागेला लागून ठाकरवाडी आहे ना? आर्किटेक्टची फी ठरायच्या आधी, भर पावसात, वाडीतल्या जाणत्यांबरोबर ती जागा फिरून ये. आणि त्यांना त्या दिवसाची मजुरी नको, समितीत खुर्ची दे.

तुझी,
वसुधा