मॅच – हात लावू नये!

तुमच्याही घरी असतील बघा. माळ्यावर, जुन्या सूटकेसमध्ये, नाहीतर कपाटाच्या डोक्यावर. काळ्या, जाडजूड व्हिडिओ कॅसेट्स. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुणाचा पहिला वाढदिवस... आणि बघायला घरात व्हीसीआरच नाही!

आमच्या फैजपूरच्या घरी अशा १९ कॅसेट्स निघाल्या. लेबलं अर्धी गळून पडलेली, उरलेल्यांवरची शाई उडालेली. फ्रीलान्सिंगची एक मोठी असाइनमेंट ऐनवेळी रद्द झाली होती, पुण्यात एसीशिवाय एप्रिल काढण्यापेक्षा फैजपुरात कूलरसमोर काढू, असा विचार करून मी घरी आले होते. (तिथला पारा ४५ च्या पलीकडे जातो, हे सोयीस्कर विसरून!) म्हटलं, रिकामी आहे तर हे काम उरकून टाकू.

घाईचं कारणही होतं. ‘युनेस्को’नं २०१९ मध्येच जगभर इशारा दिला होता, की चुंबकीय टेपवरचं रेकॉर्डिंग २०२५ च्या सुमारास वाचवता येण्याच्या पलीकडे जाईल. टेप खराब होते हा एक भाग, आणि ती वाजवणारी यंत्रंच उरत नाहीत हा दुसरा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई. तिनंही २०१६ मध्ये हात टेकले. भुसावळच्या एका रिपेअरवाल्याकडे धूळ खात पडलेला एक व्हीसीआर मिळाला. त्यानं हेड साफ करून दिलं, बेल्ट बदलला आणि वर विचारलं, “मॅडम, म्युझियम काढताय का?”

व्हीसीआरची वायर एका छोट्या कॅप्चर कार्डला, ते कार्ड लॅपटॉपला. झालं. फक्त एकच गोम आहे. तीन तासांची कॅसेट कॉपी व्हायला तीनच तास लागतात. इथे फास्ट फॉरवर्ड नाही!

बारा दिवसांनी माझ्याकडे १९ फाइल्स होत्या. पण त्यात काय आहे ते कुणाला ठाऊक? फाइल उघडायची, पुढे सरकवायची, कुणाच्या तरी पंगतीत अडकायचं. आणि आजीला तर लॅपटॉपवर काही दिसतच नाही. मग एक उपाय सापडला. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ फ्रेम्सचं. म्हणजे तीन तासांच्या कॅसेटमध्ये २ लाख ७० हजार फ्रेम्स. त्यातली मिनिटाला एकच उचलायची. सहा उभ्या रांगा, दहा आडव्या, असे ६० छोटे फोटो एका पानावर. एक पान म्हणजे एक तास. प्रत्येक चित्राखाली वेळ. एफएफएमपेग नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम एका ओळीच्या कमांडमध्ये करतं. तीन तासांची कॅसेट तीन पानांत मावते. फोटोग्राफर मंडळी पूर्वी कॉन्टॅक्ट शीट काढायची ना, तसंच.

पानं प्रिंट केली आणि आजीच्या हातात भिंग दिलं. मग काय! “ही सावद्याची मावशी. हा गेला बिचारा. हा कोण? हा फुकट जेवायला आलेला!” मी पेन्सिलनं नावं लिहीत होते. आमच्या गावात १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू, सजावट नंदलाल बोस यांची. त्याबद्दल शाळेपासून ऐकलंय. पण आमच्याच ओट्यावर १९९३ मध्ये कोण कोण बसायचं, हे मला आजीच्या भिंगातून कळत होतं.

अकराव्या कॅसेटवर पप्पांच्या अक्षरात ठळक लिहिलेलं होतं : ‘मॅच – हात लावू नये’.

तिचं पहिलं पान हिरवंगार. साठच्या साठ चौकोनांत क्रिकेटचं मैदान. ९ मार्च १९९६, बंगळुरू, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, भारत-पाकिस्तान. आमिर सोहेलनं प्रसादला चौकार मारून बॅटनं सीमारेषा दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी गुल झाली, तीच ती मॅच. दुसरं पानही हिरवं, एक तास एकोणपन्नास मिनिटांपर्यंत. पुढचा एक चौकोन नुसत्या मुंग्यांचा. आणि त्याच्या पुढच्या चौकोनात... आत्या. मुंडावळ्या बांधलेली, जेवणाच्या पंगतीत.

आमच्या घरात ‘आत्याच्या लग्नाची कॅसेट’ हा स्वतंत्र विषय आहे. लग्न मे १९९४ चं. आमच्याकडे आखाजीला माहेरवाशिणी घरी येतात, झोके बांधतात, आमरस-पुरणपोळीची चंगळ असते. आणि दर आखाजीला आत्या एकदा तरी म्हणते, “माझ्या लग्नाचं शूटिंग तेवढं गेलं गं.” कॅसेट तिच्या सासरी बघायला नेली होती आणि तिकडून परत आलीच नाही, असं पप्पांनी सांगितलेलं. आत्या त्यावरून सासूबाईंशी भांडली होती. एकदा नाही, बऱ्याचदा.

मी कॅसेट हातात घेऊन पाहिली. व्हीएचएस कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी टिकली असते. ती तोडली की त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होत नाही. शूटिंगवाले लग्नाची कॅसेट देताना ती तोडूनच द्यायचे. इथेही तोडलेली होती. आणि त्या भोकावर पिवळी पडलेली चिकटपट्टी होती. म्हणजे चुकून नाही. चिकटपट्टी चुकून लागत नाही.

संध्याकाळी पप्पा केळीच्या बागेतून आले. मी काही न बोलता कॅसेट समोर ठेवली. ते बराच वेळ त्या चिकटपट्टीकडे बघत राहिले.

“जडेजा सुटला होता त्या दिवशी,” शेवटी म्हणाले. “२५ बॉलमध्ये ४५. म्हटलं, आता पुढची इनिंग टेप करायचीच. घरात कोरी कॅसेट नव्हती. वाटलं, शूटिंगवाल्याकडे मूळ कॉपी असेलच.” दोन महिन्यांनी विचारायला गेले, तर त्यानं ती केव्हाच पुसून वापरली होती. तेवढ्यात आत्यानं फोनवर विचारलं, कॅसेट आली का परत? आणि पप्पांच्या तोंडून निघून गेलं, “नाही आली.”

दोन शब्द. मग ते खोटं वाढत गेलं आणि खरं बोलायची वेळ निघून गेली, असं पप्पांचं म्हणणं. मला राग आला होता. पण स्वतःच्या चुकलेल्या डेडलाइन्सच्या थापा आठवून मी गप्प बसले.

उरलेली ३१ मिनिटं वाचली, त्याचं श्रेय लाइटला. ऐन मॅचमध्ये लाइट गेले आणि रेकॉर्डिंग थांबलं! त्या ३१ चौकोनांत दोन तास सात मिनिटांवर एक पांढरी टोपी आणि पाठ दिसत होती. आजीनं भिंग धरलं. “ही पाठ तं यांचीच!” आजोबा. २००३ मध्ये गेले तेव्हा मी पाच वर्षांची. कॅमेरा दिसला की उठून जाणारा माणूस. त्यांचे घरात दोनच फोटो, दोन्ही पासपोर्टसाइज चेहऱ्याचे.

मिनिटाला एक फ्रेम घेतली की असंच होतं. माणूस वळतो नेमका दोन चौकोनांच्या मधे. मग तेवढ्याच ३१ मिनिटांची मी दर पाच सेकंदांना एक अशी पानं काढली. ३७२ चित्रं, सात पानं. चौथ्या पानावर आजोबा वळले होते. आत्या गाडीत बसतेय आणि ते उपरण्यानं तिच्या पायांवरची धूळ झटकतायत. दोन चौकोन. दहा सेकंद.

आखाजीला आत्या आली. पानं मीच देणार होते, पण पप्पा म्हणाले, “थांब, मी देतो.” ओट्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. मला वाटलं, आत्या हसेल. सिनेमात हसतात तसं. ती हसली नाही. रडलीही नाही.

“कॅसेटचं जाऊ दे, दादा,” ती म्हणाली. “मी त्यांना चोर म्हटलं होतं. त्या गेल्यासुद्धा. आता मी कुणाला सांगू?”

पप्पांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. त्या दिवशी आमरस कुणालाच गोड लागला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आत्या नाशिकला परत गेली. जाताना टेबलावरची सातही पानं तिनं पिशवीत घातली होती, एवढं मात्र मी पाहिलं.

पप्पांनी त्यानंतर दर रविवारी तिला फोन लावला. पहिले तीन तिनं उचललेच नाहीत. चौथा उचलला. काय बोलले माहीत नाही, पण पप्पा बराच वेळ नुसतं “हो... हो...” करत होते.

दीड महिन्यानं मला तिचा मेसेज आला. ‘पान ४, ओळ २, चित्र ३ आणि ४. तेवढा तुकडा पाठव. आणि एक कॉपी दादालाही दे.’

मी पाठवला. दहा सेकंदांची क्लिप, फक्त दीड एमबी. माळ्यावर मात्र ती जवळपास तीस वर्षं पडून होती, ‘हात लावू नये’ असं लिहून.

तुमच्या माळ्यावरच्या कॅसेट्सवर काय लिहिलंय, एकदा बघून घ्या.