घासलं तेवढंच चमकतं

रात्री रेल्वेचा फोटो म्हटलं की बहुतेकांना धावत्या गाडीची उजेडाची रेघ हवी असते. मला ती भावत नाही. गाडी कुठलीही असो, रेघ तीच. मला हवं असतं ते गाडी येण्याआधीचं मिनिट. जालना-मनमाड मार्गावरच्या बदनापूर स्टेशनात प्लॅटफॉर्मच्या टोकाला, करमाड स्टेशनकडे तोंड करून ट्रायपॉड लावायचा आणि वाट बघायची. इंजिन अजून लांब असतं, पण रुळांच्या माथ्यावरून उजेड घरंगळत येऊ लागतो. गंजलेल्या कडा अंधारातच राहतात. चाकांनी घासलेला माथा तेवढा पेटतो.

वर तारांनाही तोच न्याय. वरची झोळदार तार भार पेलते, ती काळीच दिसते. खालच्या सरळ तारेला इंजिनाच्या छतावरचा पेंटोग्राफ घासत जातो, म्हणून उजेड पकडते तीच. टेलिफोटोतून ही तार एका खांबापाशी उजवीकडे, पुढच्यापाशी डावीकडे सरकलेली दिसते. काम गचाळ झालंय असं समजू नका. साधारण 20 सेंटिमीटरचा हा तिरकेपणा मुद्दाम ठेवतात, नाहीतर पेंटोग्राफची पट्टी एकाच जागी झिजून खाच पडेल.

ही तार इथे नवीनच. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, इथून मीटरगेज गेली. पुढे ब्रॉडगेज झाली. मनमाड-जालना विद्युतीकरणाचं लोकार्पण मात्र 30 डिसेंबर 2023 चं, जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली त्याच दिवशीचं. तोवर डिझेल इंजिनं आणि वर मोकळं आभाळ. तारांनी फ्रेम बिघडवली म्हणणारे मित्र आहेत. मला उलट वाटतं. पूर्वी वरचा अर्धा फोटो रिकामाच जायचा.

आयएसओ 200, अॅपर्चर एफ 8, पंधरा-वीस सेकंद. फोकस हाताने, सिग्नलच्या दिव्यावर. वारा असला तर तारा पुसट येतात, मग सरळ घरी जावं. शटर उघडं असताना इंजिनाचा दिवा थेट लेन्सवर आला की सगळं पांढरं होतं, म्हणून काळा पुठ्ठा हातात तयार ठेवायचा आणि दिवा डोळ्यांत खुपायला लागला की लेन्ससमोर धरायचा.

दोन रुळांच्या मधोमध उभं राहून घेतलेला फोटो स्पर्धेत हमखास भाव खातो. मी तो घेत नाही. 8 मे 2020 च्या पहाटे याच मार्गावर करमाडजवळ मालगाडीखाली 16 मजूर गेले. लॉकडाऊनमध्ये जालन्याहून रुळांच्या कडेने मध्य प्रदेशातल्या घराकडे निघालेले, थकून रुळांवरच झोपलेले. त्या जागी क्षितिजाला मिळणाऱ्या रुळांची शोभा मला दिसत नाही.

तुम्हीही आधी स्टेशनमास्तरांना विचारा आणि प्लॅटफॉर्म सोडू नका. रुळांवर उतरणं रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार गुन्हा आहे. आणि ट्रायपॉड उंच उचलून खांद्यावर टाकू नका. वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट असतात, तिच्यापासून दोन मीटरच्या आत कुठलीच वस्तू जाता कामा नये.