मांडवीवर एक तास, बाबांसोबत

पणजीला जाऊन मांडवीवरची क्रूझ केली नाहीत, तर ऑफिसातले तुम्हाला वेड्यात काढतील. मी केली, पण चक्क बाबांबरोबर! बाबा वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगचे, दारूच्या थेंबाला न शिवणारे. आणि बोटीवर बार. टेन्शन कुणाला असेल, सांगा...

सांता मोनिका जेटीवरून बोट सुटली. साधारण तासाभराचा फेरा. डेकवर कोंकणी देखणी, मग पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो आणि मध्येमध्ये डीजेचा धिंगाणा. (टिप : स्टेज सोडा, कठड्याशी जागा पकडा.) एका काठाला आदिलशहाचा राजवाडा म्हणजेच जुनं सचिवालय, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला, मध्ये कॅसिनोंची झगमगती जहाजं. जेटीजवळचा मांडवी पूल १९८६ मध्ये कोसळला होता, हे बाबांना सांगायला नको होतं.

पण बाबांचं लक्ष वेगळीकडेच.

"हे सारं पानी समुद्रात जाते काय वं माय?"

हो म्हटलं. हीच वर कर्नाटकात म्हादई. तिच्या पाण्यावरून गोवा-कर्नाटकाचं वर्षानुवर्षं भांडण. २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, महाराष्ट्राला १.३३.

"आपल्या वावराले?"

"शून्य, बाबा."

ते हसले. लिंबू सोडा मागवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले काय घ्याचं ते घे. मी तिकडं पायत नाही."

आणि उरलेला वेळ खरंच नदीकडे तोंड करून बसले.