वहीतली शेवटची ओळ

बुधवारी सकाळी अकरा वाजता पुण्याच्या डॉक्टरबाई मोबाईलवर भेटणार होत्या आणि अकोल्याच्या त्या घरात रविवारपासूनच लगीनघाई सुरू झाली होती. काकूंचे वय एकसष्ट, मधुमेह अकरा वर्षांचा, गुडघे कुरकुरणारे. पुण्यापर्यंतचा रात्रभराचा प्रवास आता झेपण्यासारखा नव्हता. म्हणून सुनेने निसर्गोपचाराच्या डॉक्टरांची ही ऑनलाइन भेट ठरवली होती.

निसर्गोपचार काकूंना नवा नव्हता. पुण्याजवळच्या उरळी कांचनला महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचार आश्रम सुरू केला. काकूंचे वडील कधी काळी तिथे राहून आले होते. पोटावरची मातीची पट्टी, कटिस्नान, मिताहार यांच्या गोष्टी त्यांनी लेकीला रंगवून सांगितल्या होत्या. त्यामुळे काकूंच्या मनात एकच आशा होती: आता या गोळ्या सुटणार!

सून मात्र व्यवहारी. डॉक्टरबाईंकडे बीएनवायएस ही इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांची पदवी आहे, हे तिने आधी विचारून घेतले. मग एक कोरी वही काढली.

"आई, समोर बसलो असतो तर त्यांनी नाडी पाहिली असती, पोट तपासलं असतं, पायावरची सूज दाबून पाहिली असती. मोबाईलवरून त्यांना काय कळणार? आपण सांगू तेवढंच."

तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीए१सीचा रिपोर्ट, किडनीच्या तपासणीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटांवरची नावे आणि मात्रा, सारे वहीत उतरले. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायचा ठरला. चहा घेण्याआधी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून आणि पाय जमिनीवर ठेवून.

खरी गंमत आहाराच्या पानाची. तीन दिवस जे तोंडात जाईल ते लिहायचे होते. काकूंनी 'चहा दोन वेळा' असे लिहिले, तोच नातू ओरडला, "आजी, मघाचा अर्धा कप राहिला! आणि शेजारच्या काकूंकडचा?" मोजता मोजता दोनाचे पाच झाले. पोळ्या लाटताना तोंडात टाकलेले शेंगदाणेही पानावर आले. काकू हसल्या, पण मनात चरकल्या. आपण इतके खातो, हे आपल्यालाच ठाऊक नव्हते!

मंगळवारी सुनेने शेवटचा प्रश्न विचारला, "कधी हातपाय थरथरले, दरदरून घाम सुटला, असं काही?"

"छे गं! काही नाही."

रात्री काकूंना झोप येईना. दोन महिन्यांपूर्वीचा तो सोमवार डोळ्यांपुढे उभा राहिला. उपवास होता, तरी साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती. दिवसभर पोटात लिंबूपाण्याखेरीज काही नव्हते. चारच्या सुमारास देवघरापुढे हात थरथरू लागले, अंग घामाने भिजले, डोळ्यांपुढे अंधारी आली. कसाबसा गुळाचा खडा तोंडात टाकला आणि थोड्या वेळाने बरे वाटले. घरात कुणी नव्हते, कुणाला सांगितलेही नाही. सांगितले असते तर मुलाने उपवास बंद करायला लावला असता. आता डॉक्टरबाईंना सांगितले तर त्या उपचारच नाकारतील, ही भीती होती.

पण सुनेचे शब्द पाठ सोडेनात. आपण सांगू तेवढंच. काकू उठल्या, चष्मा लावला आणि वहीत एक ओळ लिहिली.

बुधवारी उजेड चेहऱ्यावर यावा म्हणून खिडकीकडे तोंड करून बैठक मांडली, मोबाईल डाळीच्या डब्याला टेकवला. मध्ये एकदा रेंज गेली, परत आली. काकू वही वाचत गेल्या. शेवटची ओळ आली तेव्हा आवाज बारीक झाला. शेजारी बसलेल्या सुनेचे पेन थांबले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. नाहीतर मी कदाचित आठवड्यातून एक दिवस रसाहार सांगितला असता. साखर उतरवणारी गोळी घ्यायची आणि पोट रिकामं ठेवायचं, यात जिवाला धोका असतो."

"मग गोळ्या सुटणार नाहीत?" काकूंनी विचारलेच.

"ते तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. याच आठवड्यात त्यांना ही वही दाखवा. मनानं एकही गोळी सोडू नका, उपवास सध्या बंद. आपण जेवणाच्या वेळा आणि चालण्यापासून सुरुवात करू. पुन्हा तसं झालं तर लगेच साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा."

भेट संपली. काकू ओशाळून बसल्या होत्या. सून रागावली नाही. तिने स्वयंपाकघरातून साखरेची एक छोटी डबी भरून आणली आणि देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी ठेवली.

पुढच्या सोमवारी काकूंनी देवाला नैवेद्य दाखवला आणि दुपारी वेळेवर सुनेबरोबर जेवायला बसल्या.