साहेबांचा हात धरायची वेळ

जाम, ता. समुद्रपूर, जि. वर्धा

चि. निखिल यास,


तुझी डी.बी. म्हणजे गुन्हे शोध पथकात नेमणूक झाल्याचं ताईनं कळवलं. आनंद झाला. पण एक गोष्ट फोनवर सांगण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र.

डी.बी.त गेलास म्हणजे संशयित, चोरीच्या मालाची रिकव्हरी आणि वरून येणारी घाई यांच्याशी रोजची गाठ. कधीतरी रात्री मागच्या खोलीत कुणाचा तरी हात सुटेल. तेव्हा तू काय करतोस, यावर मी तुझी नोकरी जोखणार आहे. ‘मी मारलं नाही, मी फक्त उभा होतो’ हे उत्तर मला चालणार नाही.

नागपूर आपल्या जामच्या चौरस्त्यापासून फार लांब नाही. तिथं जून 1993 मध्ये लुटीच्या संशयावरून पोलिसांनी एका माणसाला रात्री घरून उचललं, मारलं, आणि तो कोठडीत मेला. 4 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयानं कबुलीसाठी दुखापत केल्याची, म्हणजे तेव्हाच्या दंड संहितेच्या कलम 330 ची, त्या पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षं केली. सात ही त्या कलमातली कमाल. शिक्षा एकट्यादुकट्याला झाली नाही. घटना आणि निकाल यांत पंचवीस वर्षं गेली. इतके जण असताना एकानं तरी वेळेत हात धरायला हवा होता, असं ती केस आठवली की आजही वाटतं.

कायदा तुला पाठ आहेच, तरी पुन्हा वाच. पूर्वीचं सीआरपीसी कलम 149, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 168. दखलपात्र गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसानं मध्ये पडावं आणि होईल तेवढ्या ताकदीनं तो थांबवावा. गुन्हा करणारा खाकीत असेल तर सूट, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही.

अमेरिकेत मिनिआपोलिसला 25 मे 2020 रोजी डेरेक शॉविननं जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ गुडघा दाबून धरला. सोबत तिघे पोलीस होते. त्यातले दोघे अगदी नवे, तुझ्यासारखे, आणि एकाला तर शॉविनच शिकवत होता. दुसऱ्यानं ‘याला कुशीवर वळवू का?’ असं दोनदा विचारलं. शॉविन नाही म्हणाला, आणि तो तिथंच थांबला. पुढं तिघांनाही तुरुंगवास झाला. विचारणं पुरत नाही रे. हात लावून थांबवावं लागतं.

ते कसं करतात, हे मी नवा शिपाई असताना पाहिलं. विहिरीवरची मोटार चोरल्याच्या संशयावरून एक पोरगा आणला होता. फौजदारांनी पट्टा काढला. दोन फटके बसले, तिसरा उचलला तसे आमचे म्हातारे हवालदार उठून दोघांच्या मध्ये उभे राहिले. आवाज चढवला नाही. ‘साहेब, जबाब मी घेतो, तुम्ही बाहेर बसा,’ म्हणाले, आणि पट्टा हातातून काढून टेबलावर ठेवला. पोराला पाणी पाजलं, मेडिकलला नेलं, स्टेशन डायरीत वेळ टाकून नोंद केली. मोटार पुढं भंगारवाल्याकडं सापडली, विकणारा दुसराच होता. हवालदारांना मात्र बरेच दिवस रात्रपाळीच लागली.

किंमत पडते, हे तुझ्यापासून लपवत नाही. अमेरिकेतल्याच बफेलो शहरात कॅरिओल हॉर्न या पोलीस बाईनं 2006 मध्ये सहकाऱ्याला आरोपीचा गळा आवळताना अडवलं. तिची नोकरी गेली. पेन्शनचा न्याय मिळायला 2021 उजाडलं. पण तिनं ज्याला वाचवलं तो जिवंत राहिला, आणि माझ्या लेखी हिशेब तिथंच पूर्ण होतो.

पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये सांगितलं आहे. पण कॅमेरा हात धरत नाही. तू धर, आणि पहिल्या फटक्यालाच धर. दहाव्यापर्यंत अंगात आलेल्याला कुणाचं ऐकू येत नाही. आरोपीची तपासणी करून घे, डायरीत खरं लिही. नोंद करायला कुणी अडवलं तर वरिष्ठांना लेखी कळव, आणि त्याच रात्री मला फोन कर. कितीही वाजले असोत.

तुझा
मामा