सीट नंबरचं विद्यापीठ

मुंबई विद्यापीठाचा कुणी पदवीधर भेटला तर त्याला विचारून बघा, विद्यापीठात किती वेळा गेला होतास? रुईया, रुपारेल, कीर्ती, डहाणूकर अशी कॉलेजची नावं तो कौतुकानं घेईल. कट्टा, कॅन्टीन, नापास विषयाची लागलेली केटी, सगळं सांगेल. विद्यापीठ मात्र त्यानं पाहिलेलं असतं ते बसमधून, नाहीतर मायग्रेशन सर्टिफिकेट काढायला गेला तेव्हा रांगेतून. तीन वर्षं ज्याच्या नावानं पेपर लिहिले, त्याची आणि याची ओळख हॉलतिकिटापुरती.

जन्मच तसा आहे. 18 जुलै 1857. उत्तरेत बंड पेटलेलं, दिल्लीला गोऱ्या फौजेचा वेढा, आणि अशात सरकारनं मुंबईला विद्यापीठ देणारा कायदा शांतपणे मंजूर केला. नमुना लंडन विद्यापीठाचा. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. ना स्वतःचे वर्ग, ना प्राध्यापक, ना इमारत. 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले ते चौघे. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. अख्खी बॅच एका व्हिक्टोरिया बग्गीत मावली असती! पण चौघांतल्या दोघांची नावं घेतल्याशिवाय पुढच्या महाराष्ट्राचा इतिहास लिहिता येत नाही, आणि भांडारकर तर 1893 मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

इमारत आली ती कापसाच्या पैशातून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. त्या पावसात प्रेमचंद रायचंद या शेअरदलालानं ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि आईच्या नावानं मनोरा उभारायला आणखी दोन लाख. 1865 मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, प्रेमचंद बुडाले. दान आधी दिलेलं होतं म्हणून टिकलं, एवढंच. राजाबाई टॉवर 1878 मध्ये पुरा झाला. शेजारच्या पदवीदान सभागृहाला कावसजी जहांगीर रेडीमनींनी लाख रुपये दिले होते. आडनावाला जागले म्हणायचे. दोन्ही वास्तूंचा आराखडा करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट मुंबईत कधी आलेच नाहीत. मुंबईच्या विद्यापीठाला हा बाहेरूनच शिकण्याचा वसा पायापासूनच मिळाला म्हणा ना!

पण मान वर करून टॉवर बघा. स्कॉटच्या गॉथिक कमानींच्या वर, ज्या उंचीवर रस्त्यावरची नजर सहसा जात नाही, तिथं पश्चिम भारतातल्या जातीजमातींची माणसं दगडात उभी आहेत, आपापल्या पेहरावात, पागोट्यांसकट. ती घडवली मुकुंद रामचंद्र यांनी. सभागृहात जायला मिळालं तर गोल खिडकीतल्या रंगीत काचांत बारा राशीही दिसतील. विलायती देवळाच्या घडणीत आपलं पंचांग! मला हा सगळा परिसर थोडा भपकेबाज वाटतो, पण ही मूर्तींची रांग आणि ही खिडकी मात्र फार आवडते.

नुसती परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणजे कोरडं विद्यापीठ, अशी टीका जुनी आहे आणि ती खरीही आहे. मुलींना त्यानं 1883 पर्यंत दाराबाहेर ठेवलं. मराठीला वरच्या परीक्षांतून बाहेर काढलं, आणि तिला परत आणायला त्याच्याच पहिल्या पदवीधराला, रानड्यांना, आयुष्याच्या शेवटी झगडावं लागलं. पण त्या कोरडेपणात एक मोठेपणही होतं. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमराव आंबेडकरांना संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. नाइलाजानं फारसी घ्यावी लागली. ती घेऊन ते 1907 मध्ये मॅट्रिक झाले, 1912 मध्ये बी.ए. वर्गात जात आडवी आली; सीट नंबरला जात नसते. पुढं 1946 मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरदार मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. दिवसभर कारकुनी करून पदवी मिळवता येते, हे या शहराला त्यांनी शिकवलं. अंधेरी ते चर्चगेट उभ्यानं नोट्स वाचणारी मुलं त्याच परंपरेतली.

एके काळी सिंधपासून धारवाडपर्यंत या विद्यापीठाचा अंमल होता. गांधीजी 1887 मध्ये अहमदाबादेत जी मॅट्रिक झाले, तीही याचीच. स्वातंत्र्याच्या आगेमागे पुणे, गुजरात, कर्नाटक अशी नवी विद्यापीठं वेगळी निघाली. मधल्या काळात शिकवणंही सुरू झालं: पॅट्रिक गेडीस यांनी समाजशास्त्राचा विभाग उभारला, समाजशास्त्रज्ञ घुर्यांनी तो वाढवला. पुढं कलिनाचं विद्यानगरी आवार आलं, तिथं झाडं आहेत, विभाग आहेत, चांगलं संशोधनही होतं. तरी ज्यांचं विद्यापीठ म्हणजे हॉलतिकीट, अशांचीच संख्या आजही कितीतरी मोठी.

म्हणूनच 2017 मध्ये उत्तरपत्रिका संगणकावर तपासायच्या घाईत निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं, तेव्हा शहर एवढं चिडलं. युनेस्कोनं 2018 मध्ये आसपासच्या इमारतींबरोबर राजाबाई टॉवर आणि सभागृहालाही जागतिक वारशात घेतलं, त्याचा आनंद आहेच. पण परीक्षा घेणं हेच ज्याचं मूळ काम, त्यानं निकाल वेळेवर लावावा. मुंबईच्या मुलांचं याहून जास्त मागणं नाही, आणि याहून कमी त्यांना चालणारही नाही.