कागदावरचं दुसरं नाव

जानेवारीत बाबा मिरची तोडायला तेलंगणात गेले होते आणि धान विकायचे राहिले होते. माय वनहक्काचा पट्टा पिशवीत घालून खरेदी केंद्रावर गेली, सोबत मी. नोंदणी करणाऱ्याने कागद वरवर पाहिला. "घरधन्याला पाठवा. पट्टा त्यांच्या नावाने आहे."

माय काही बोलली नाही. मीही नाही. आम्ही परत आलो.

त्या रात्री स्पर्धा परीक्षेसाठी इंग्लंडचा इतिहास वाचत होते. १६८८ मध्ये राजा दुसरा जेम्स देश सोडून पळाला. लोकांना गादीवर त्याची मुलगी मेरी हवी होती. पण तिचा नवरा विल्यम नुसता 'राणीचा नवरा' म्हणून राहायला तयार नव्हता, आणि मेरीला एकटीने राज्य करायचं नव्हतं. शेवटी दोघांनाही राज्य मिळालं. १३ फेब्रुवारी १६८९ ला मुकुट देऊ करताना त्यांना आधी हक्कांची यादी वाचून दाखवली: संसदेला न विचारता कायदा स्थगित करायचा नाही, कर बसवायचा नाही, शांततेच्या काळात फौज ठेवायची नाही. त्याच वर्षी डिसेंबरात या यादीचा कायदा झाला. राज्याभिषेकाची जुनी खुर्ची एकच होती, म्हणून मेरीसाठी दुसरी बनवावी लागली.

इथवर वाचून मला बरं वाटलं होतं. मग पुढची ओळ आली. नाव दोघांचं, पण कारभार एकट्या विल्यमने करायचा, असं त्याच कायद्यात लिहिलेलं.

मला आमच्या चंद्रपूरची राणी हिराई आठवली. तीही साधारण त्याच काळातली. राजा बीरशहा गेल्यावर तिने रामशहाला दत्तक घेतलं आणि तो मोठा होईपर्यंत राज्य सांभाळलं. अंचलेश्वराजवळची नवऱ्याची समाधी तिनेच बांधली. तिच्याकडे कारभार होता, पण गादी मुलाची. मेरीकडे गादी होती, पण कारभार नवऱ्याचा. एकीलाही दोन्ही पूर्ण मिळालं नाही.

मी उठून पिशवीतून पट्टा काढला. बाबांच्या नावाखाली मायचं नाव होतं. ही काही मेहरबानी नव्हती. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४ मध्येच लिहिलंय की लग्न झालेलं असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. ही जमीन वारसाने मिळते, विकता येत नाही. आजोबांपासून जबरानजोत म्हणून हिणवलेली आमची जमीन, आणि तिची मालकीण शेजारीच गोधडी ओढून झोपलेली.

विल्यम लढाईसाठी परदेशी गेला की राज्य मेरीच चालवायची. त्यासाठी १६९० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. आमच्या घरी बाबा दरवर्षी मिरचीला जातात. तेव्हा बैल, कर्ज, भावाची फी, सगळं मायच बघते. त्यासाठी कुणाला कायदा करावा लागला नाही, म्हणून कुणाला ते दिसतही नाही.

सकाळी मी तिला तिचं नाव बोटाने दाखवलं. ती सहीपुरतं लिहायला शिकलेली आहे. अक्षरं जुळवत तिने ते दोनदा वाचलं.

केंद्रावर पुन्हा तोच माणूस होता. त्याने मान वर करण्याआधीच माय म्हणाली, "माहं बी नाव हाये ना तेच्यावर. खाली पाहा."

त्याने पाहिलं. मग काहीच न बोलता तिचं आधार कार्ड मागितलं. बँकेचं पासबुक मात्र आमच्याकडे बाबांचंच होतं. मायचं खातं होतं, पण पासबुक कुठं ठेवलंय ते तिलाच आठवत नव्हतं.

"उद्या आणतो," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने जेवणाआधी पेटी उघडली.